मोडीत काढलेलं गाव

छापखान्यात त्यांना सगळे मात्राकाका म्हणत, आणि ते नाव त्यांनी स्वतः कमावलेलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली. छपाईला जाणारं प्रत्येक पान त्यांच्या नजरेखालून जाई आणि लाल शाईने माखून परत येई. वेलांटी चुकलेली दिसली की त्यांच्या कपाळाला आठी पडे, अनुस्वार गळला की घास घशाखाली उतरत नसे. बायकोने लिहिलेली सामानाची यादीसुद्धा ते आधी दुरुस्त करत आणि मग पिशवी उचलत. "साबण कसलाही आणतील, पण शुद्ध लिहिलेला आणतील," असं ती शेजारणींना सांगायची.

अशा माणसाने निवृत्तीनंतर काय करावं? एखादा शब्दकोश रचावा, फार तर बागेत पाणी घालावं. मात्राकाका कॉम्प्युटरवर मासे धरू लागले.

झालं असं, की मागच्या भेटीत मुलगा आपला जुना लॅपटॉप त्यांना बातम्या वाचायला म्हणून ठेवून गेला. त्यात एक गेम होता. डोंगराच्या पायथ्याचं खेडं, नदी, जंगल. तिथे आपण हिंडायचं, लाकडं तोडायची, मासे धरायचे, लोकांशी चार शब्द बोलायचे. मारामारी नाही. काकांनी चुकून बटण दाबलं, आणि आठवड्याभरात त्यांचं नदीकाठी स्वतःचं घर झालं. बायको दुपारी तलावावर पोहायला गेली की काका खेड्यात जात, आणि दारात किल्ली वाजली की घाईघाईने बातम्यांचं पान पुढे ओढत. साठी उलटलेला माणूस चोरून गेम खेळतो, याची त्यांना इतकी लाज वाटे की कान गरम होत. त्यात पुन्हा हा तोच बाप, ज्याने मुलाला "गेम म्हणजे रिकाम्या डोक्याचा उद्योग" असं ऐकवत वाढवलं होतं.

खेड्यातल्या पाट्या आणि लोकांची बोलणी इंग्रजीत होती. शोधता शोधता काकांना कळलं, की कोणीतरी ती सगळी आपल्या भाषेत आणली आहेत. असल्या भरीला मॉड म्हणतात. मूळ गेम कंपनीचा. पण खेळणारेच हौसेने त्यात नवी झाडं, नवी घरं, नवं आभाळ, नवी भाषा घालतात आणि फुकट वाटतात. काकांनी भाषेचा मॉड घातला आणि पहिल्याच पाटीवर त्यांना 'दुध' दिसलं. ऱ्हस्व. मग काय विचारता? दोन आठवड्यांत एकशे बारा चुकांची यादी मॉड करणाऱ्याकडे रवाना झाली.

तो अनोळखी माणूस मुळीच चिडला नाही. त्याने लिहिलं, "सगळ्या दुरुस्त केल्या. अडीच वर्षं नोकरी सांभाळून हे करतोय, इतक्या बारकाईने कोणी वाचलं नव्हतं. सगळं काम एका फोल्डरमध्ये आहे. तो गेला तर मी वेडा होईन."

हे वाचताना काकांचा चेहरा उतरला. तसाच एक फोल्डर त्यांनी स्वतःच्या हाताने घालवला होता, आणि त्यात काय होतं ते त्यांना आज नीट कळत होतं.

ती गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची. मुलगा बारावीला होता, घरात कॉम्प्युटर एकच. छापखान्याचं एक जाडजूड पुस्तक काकांना घरी तपासायचं होतं आणि डिस्कवर जागा उरली नव्हती. बघतात तर निम्मी जागा एकाच फोल्डरने अडवलेली. नाव इंग्रजी तीन अक्षरांचं: एम, ओ, डी. इंग्रजीला काना-मात्रा नाहीत, त्यामुळे उच्चार आपला आपण लावायचा. काकांनी लावला, मोड. मोड म्हणजे भंगार, मोडीत काढायचं सामान. मुलाने शहाण्यासारखा सगळा कचरा एका जागी गोळा करून ठेवलाय असं समजून त्यांनी तो फोल्डर पुसला, आणि त्याचे तेवढेच कष्ट वाचावेत म्हणून कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. जन्मभर लोकांच्या चुका धरणाऱ्या माणसाने तीन अक्षरं चुकीची वाचली.

संध्याकाळी मुलाने कॉम्प्युटर उघडला. "बाबा, माझं गाव कुठं गेलं?" त्याने एका गेमसाठी दोन वर्षं खपून गाव रचलं होतं. पाणचक्की, लाकडी पूल, चाळीस माणसं आणि प्रत्येकाचं वेगळं बोलणं. काय घडलं ते काकांच्या लगेच लक्षात आलं. तिथल्या तिथे सांगता आलं असतं, पण चूक कबूल करायची सवय त्यांच्या जिभेला नव्हती. ते म्हणाले, "डिस्क खराब झाली असेल." मुलगा रडायला लागला. ते रडणं त्यांना बघवेना, आणि बघवेना म्हणून ते उलट त्याच्यावरच चढले. "दुसरी प्रत ठेवायला नको? निष्काळजी माणसाचं असंच व्हायचं."

त्यानंतर मुलाने पुन्हा गाव रचलं नाही. तो शिकला, दुसऱ्या शहरात लिफ्टची सुरक्षा तपासणारा इंजिनिअर झाला, लग्न केलं. बापलेकांचं फोनवर बोलणं म्हणजे तब्येत, पाऊसपाणी आणि "आईला देतो" एवढंच राहिलं.

इकडे काकांच्या लॅपटॉपने मान टाकली. भाषेच्या मॉडपाठोपाठ त्यांनी जंगलाचा घातला, मग नदीचा, मग ढगांचा. होता होता संख्या दोनशेवर गेली. पंखा घरघरू लागला, नदी जागच्या जागी थिजली, आणि गळ टाकला की मासा लागेपर्यंत चहा करून यावा अशी स्थिती आली. नवा कॉम्प्युटर हवा होता, सुटे भाग निवडून जोडलेला. दुकानात गेले तर तिथल्या माणसाने काचेच्या पेटीत सात रंगांचे दिवे लावून दाखवले आणि विचारलं, "नातवासाठी का?" काका "हो" म्हणाले आणि पाय लावून पळाले.

शेवटी मुलालाच विचारायचं ठरलं. पण स्वतःसाठी म्हणून नाही.

"समोरच्या घरातली मुलगी आहे," ते फोनवर म्हणाले. "तिला गेमसाठी कॉम्प्युटर हवाय. मॉड घातलेल्या गेमसाठी. मला विचारत होती. मला त्यातलं काय कळतंय?"

पलीकडे मुलाचा आवाजच बदलला. "किती मॉड घालणार आहे ती?"

"दोनशे सात," काका बोलून गेले. "म्हणजे, दोनशेच्या आसपास म्हणत होती."

"मग आधी ग्राफिक्स कार्ड. नावाला भुलू नका, त्याची मेमरी बघा. बारा जीबीच्या खाली नको, सोळा मिळाली तर उत्तम. मॉडमध्ये झाडाच्या सालीचंसुद्धा मोठं चित्र असतं, ते सगळं तिथं मावावं लागतं. नाही मावलं की गेम अडखळतो. लिहिताय ना?"

काका जुन्या मुद्रितांच्या पाठकोऱ्या कागदावर लिहीत होते, एकेक अक्षर कोरून.

"रॅम बत्तीस. प्रोसेसर फार भारी नको. कोअर, म्हणजे त्याचे आतले मेंदू, किती ते मोजू नका, एकेक कोअर किती वेगाने चालतो ते बघा. असल्या गेमचा सगळा भार एक-दोन कोअरवरच पडतो. पॉवर सप्लाय चांगला घ्या, तिथं लोक हमखास मार खातात. पेटी दिव्यांची नको, हवा खेळती राहणारी हवी. आणि डिस्क दोन."

"दोन कशाला?"

"एक गेमला, एक नुसती प्रत ठेवायला. उद्या तिने स्वतः काही बनवायला घेतलं तर? माझं गाव गेलं तसं तिचं जायला नको." तो थोडा थांबला. "तुम्ही तेव्हा बोललात ते फार लागलं होतं, बाबा. पण बरं झालं बोललात. त्या दिवसापासून मी सुधारलो."

काकांनी पेन खाली ठेवलं. "आईला देतो," ते म्हणाले.

त्यानंतर मुलाचे फोन वाढले. हे कार्ड नको, त्यापेक्षा ते बघा. या मदरबोर्डवर दोन्ही डिस्क बसतात का, तपासून सांगतो. इतका भरभरून तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. त्या मुलीचीही चौकशी करायचा. कितवीत आहे, चष्मा आहे का, बसायची खुर्ची बरी आहे का. काका सांगत सुटले. आठवीत आहे, बारीक आहे, चष्मा आहे. एकदा तर तिला परीक्षेत चांगले गुणही देऊन टाकले. फोन ठेवला की त्यांना स्वतःची किळस यायची. मुलगा जीव ओतत होता आणि बाप त्याला नसलेल्या मुलीच्या गोष्टी सांगत होता. आणि या खोट्याच्या खाली जुनं खोटं तसंच पडलेलं होतं.

सामान आलं तसा मुलाचा निरोप आला, "शनिवारी येतो. मी स्वतः जोडून देईन. पहिला कॉम्प्युटर आहे तिचा."

शनिवारी सकाळी तो स्क्रू ड्रायव्हरचा संच घेऊन दारात उभा राहिला. जेवणाच्या टेबलावर खोकी मांडली आणि म्हणाला, "बोलवा तिला. बघेल तर शिकेल."

काका खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "मुलगी नाही," ते म्हणाले. "मी आहे."

आई ओला टॉवेल वाळत घालत होती, ती म्हणाली, "अरे, नदीकाठी घर बांधलंय त्यांनी. त्यांना वाटतं मला कळत नाही." मुलगा हसला, आणि हसता हसता खाली बसला. मग उठून त्याने बापाचे दोन्ही खांदे धरून हलवले. काकाही ओशाळं हसले. ही लाज सोपी निघाली, आणि नेमकी त्यामुळेच दुसरी जास्त जड झाली.

आई बाजारात गेली. काम सुरू झालं. मुलाने मदरबोर्ड पेटीत बसवला, स्क्रू बशीत वेगळे काढले, रॅमच्या पट्ट्या टक असा आवाज येईपर्यंत दाबल्या. एकेक वायर तो लावी, ओढून बघी, पुन्हा लावी. काका टॉर्च धरून उभे होते. मग त्याने दुसरी डिस्क खोक्यातून काढली. "ही प्रतीची. आता तुमचं काही जाणार नाही."

"तुझी डिस्क खराब झाली नव्हती," काका म्हणाले.

"कुठली?"

"बारावीतली. तुझं गाव मी पुसलं. मला ते भंगार वाटलं. एम, ओ, डी. मी मोड वाचलं." टॉर्चचा उजेड पेटीतून सरकून टेबलाच्या पायावर पडला होता. "तू विचारलंस तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी डिस्कवर ढकललं. आणि वर तुला बोललो."

मुलाने हातातली डिस्क उलटीसुलटी केली.

"म्हणजे मी निष्काळजी नव्हतो," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

"नव्हतास."

"चुकून पुसलंत, त्याचं काही नाही. कोणाकडूनही होतं." त्याने डिस्क टेबलावर ठेवली. "मी रोज घराचं कुलूप तीनदा ओढून बघतो, बाबा. अर्ध्या वाटेवरून परत जातो. तपासलेली लिफ्ट सुट्टीच्या दिवशी पुन्हा तपासून येतो. बायको विचारते, असं का करतोस? मी तिला कौतुकाने सांगतो, माझ्या बाबांनी लावलेली सवय आहे."