बाळासोंच्या गच्चीवरचा तारा

मंगळवार पेठेतले भूपाल मगदूम, म्हणजे गल्लीचे अण्णा, भांड्यांचे दुकानदार. माणूस सरळ, पण हट्टी म्हणाल तर काही विचारू नका. पंच्याण्णवच्या सूर्यग्रहणात त्यांना आकाशाचं वेड लागलं ते लागलंच.

त्यातही मित्र नावाच्या ताऱ्यावर त्यांचा भारी जीव. मेअखेरीला दुकान बंद करून गच्चीवर गेलं की तो दक्षिणेला अगदी खाली, शेजारच्या कौलांना टेकल्यासारखा दिसायचा. मग अण्णा गल्लीतल्यांना हाका मारून वर बोलवायचे. "हा बघा दुसरा सूर्य. रंग तोच, आकारही जवळपास तेवढाच. आपला सख्खा शेजारी, तरी त्याचा उजेड इथं पोचायला चार वर्षं लागतात." माणसं बघायची, "बरं हाय की" म्हणून खाली जायची. अण्णांना तेवढं पुरे व्हायचं.

दोन हजार तीन साली दक्षिणेकडच्या शेजाऱ्यानं, बाळासोंनी, घरावर दोन मजले चढवायला काढले. दोन्ही पोरांची लग्नं ठरलेली. अण्णा विनवायला गेले, तेही दारातूनच. "बाळासो, माझा तारा जाईल हो."

"ताऱ्यापायी सुनांना पडवीत झोपवू व्हय, अण्णा?"

अण्णा परत फिरले. मजले उठले आणि मित्र भिंतीआड गेला.

बाळासो मनाने वाईट नव्हते. "आता माझी गच्ची उंच हाय. या की वर," म्हणाले. घोडं अडलं ते इथंच. वर जायचा जिना त्यांच्या स्वयंपाकघरातून, आणि तिथं बुधवारी, रविवारी मटण शिजायचं. अण्णा पक्के जैन. तीस वर्षांचा शेजार, अडीअडचणीला दोघं एकमेकांसाठी धावायचे, पण अण्णांनी त्या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता, की घोटभर पाणी घेतलं नव्हतं. बाळासोंना ते सलायचं. अण्णा नुसतेच धुमसत राहिले, बाळासोंशी बोलणंही टाकलं. दोन उन्हाळे तसेच गेले.

मग अण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अण्णा घाबरले. दुकानाची, घराची काळजी होतीच, पण मित्र परत दिसणार नाही याचं दुःख त्यांना सगळ्यात जास्त झालं.

त्या मे महिन्यात वळवाने आभाळ धुऊन निघालं त्या रात्री अण्णा बाळासोंच्या दारात उभे राहिले. "वर येऊ का?"

बाळासोंच्या बायकोनं, विठाबाईंनी, घाईघाईनं वाटेतली भांडी सरकवली. अण्णा चपला काढून मसाल्याच्या वासातून सरळ जिना चढले. वर दक्षिणेला मित्र होता. अण्णांनी पोटभर बघून घेतला.

"एवढासाच?" बाळासो म्हणाले. "ह्येच्यापायी तोंड फिरवून बसलासा व्हय?"

"बसलो खरा. चुकलंच माझं."

विठाबाई तांब्या घेऊन वर आल्या आणि जागीच थबकल्या. दिवस मावळल्यावर अण्णा पाणीसुद्धा घेत नाहीत, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. त्या ओशाळून मागे फिरणार, तोच अण्णा म्हणाले, "वहिनी, आत्ता चालत नाही. सकाळी येतो आणि पितो."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी अण्णा आले आणि त्या स्वयंपाकघरात पाटावर बसले. विठाबाईंनी जैनांच्या रीतीप्रमाणे कोऱ्या फडक्यानं पाणी गाळून ठेवलं होतं.