पाल्यासकट एक जुडी

माझी आत्या एका मोठ्या दुकानात भाजीच्या विभागात काम करते. सेंद्रिय भाजी प्लास्टिकमध्ये गुंडाळायची आणि वर हिरवं लेबल चिकटवायचं, हे तिचं काम. साध्या भाजीचे असले लाड नाहीत. ती उघडीच पडलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याने दाबून बघावी. दोन्ही शेजारी ठेवल्या तर बिल करणाऱ्या मुलीला फरक कळणार नाही, म्हणून महागातलीला अंगरखा.

गिऱ्हाइकांना वाटतं, आत्या म्हणजे डॉक्टर. एक बाई दर आठवड्याला येतात आणि शेजारच्या घरातली भानगड विचारावी तशा कुजबुजतात, "ताई, खरं सांगा हं, हे खरंच ऑरगॅनिक असतं का हो?"

आत्याही तेवढंच कुजबुजते, "साल खाणार की सोलून टाकणार?"

"म्हणजे?"

"पालेभाजी, सफरचंद, द्राक्षं ह्यातली घ्या. फवारा बसतो तेच आपण चावतो. कांद्या-केळ्याला कशाला जास्तीचे पैसे घालता? साल कचऱ्यातच जाते ना?"

"अगदी पटलं बाई!" असं म्हणून त्या सेंद्रिय कांदे घेऊन जातात.

घरी मात्र आत्याला हा नियम आठवत नाही. आजोबा, म्हणजे तिचे वडील, तिच्याकडे राहतात. त्यांच्या जुन्या घरामागे भाजीचे वाफे होते, तिथे आता गाड्या उभ्या असतात. वर्षभरात त्यांचं जेवण चिमणीएवढं झालंय. विचारलं की म्हणतात, "चव नाही." म्हणून आत्या हिरव्या लेबलाचं मिळेल ते आणते. मटार, टोमॅटो, काकडी. परवा काकडीची फोड त्यांनी डोळे मिटून चघळली आणि आत्या निकालाला उभी राहावी तशी समोर उभी.

"पाणी."

"बाबा, सेंद्रिय आहे. खत नाही, फवारा नाही."

"मग सेंद्रिय पाणी."

मला हसू आवरलं नाही. वर म्हटलं, "आत्या, काकडी तर तू सोलूनच देतेस. गिऱ्हाइकांना ब्रह्मज्ञान, आणि स्वतः कोरडी पाषाण!"

"तू गप्प गं, आगाऊ. फवारा नको म्हणून आणते होय मी? आमच्या वाफ्यातल्यासारखं एखादं तरी निघेल म्हणून आणते."

पण शब्द तिला लागला असावा. त्यानंतर सोलायची भाजी तिने साधीच आणायला सुरुवात केली.

आणि नेमकी त्याच आठवड्यात दुकानात सेंद्रिय गाजरं पाल्यासकट आली. पाला प्लास्टिकमध्ये मावेना, म्हणून आत्याने दिवसभर तो पिळून पिळून तोडला आणि पोत्यात भरून फेकला. घरी आली ती हात न धुताच आजोबांची उशी सारखी करायला वाकली. आजोबांनी तिचं मनगट धरलं आणि हात नाकाशी नेला.

"गाजरं उपटलीस?"

"नाही बाबा, दुकानात..."

"किती निघाली?"

आत्या पलंगाच्या कडेवर बसली. "बरीच."

"मोडली नाहीस ना उपटताना?"

"नाही."

"मग आण की एक. धुऊ नकोस फार."

सहा महिन्यांत त्यांनी तोंडाने काही मागितलं नव्हतं. आणि आत्याच्या पिशवीत होतं काय, तर साधा दुधी. गाजर सोलूनच खातो, म्हणून तिने सेंद्रियातलं घेतलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाजरं आली ती बोडकी, वाफ्यातून उपटली म्हणून सांगायची सोय नाही. आत्याने मागच्या दारात ट्रकवाल्याला गाठलं.

"पाला कुठे गेला?"

"चुकून राहिला होता ताई काल. तक्रार झाली वरून."

"मग पुन्हा चुका की. एकच जुडी. पूर्ण भाव देते."

"पाल्याला कोण पैसे देतं, ताई?"

"मी देते."

"बघतो," असं म्हणून त्याने दार ओढून घेतलं. त्याचं 'बघतो' म्हणजे आमच्या वर्गशिक्षकांचं 'सहलीचं बघू', तशातली गत. तरी ट्रकचा आवाज आला की आत्या लेबलं टाकून मागे पळते आणि वरचा क्रेट उघडून बघते.

आजोबा रोज विचारतात, "उपटलीस का?"

आत्या पांघरूण नीट करते. "बारीक आहेत अजून, बाबा. थोडी वाढू देत."