शिट्टीनंतरच्या टाळ्या

भीमरावांनी ती रेकॉर्ड घेतली तेव्हा त्यांना इंग्रजी गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आजही कळत नाही. उल्हासनगरच्या भंगारवाल्या सिंधी शेठने जुन्या प्लेअरबरोबर ती त्यांच्या गळ्यात मारली होती. "ले जाओ साईं, अंग्रेजी है, कोई हाथ नहीं लगाता." कव्हरवर एक माणूस गिटार घेऊन गुडघ्यांत वाकला होता. रॉक अँड रोल ज्यांनी सुरू केलं त्यांतला हा एक, असं मुलाने पुढे मोबाइलवर बघून सांगितलं. भीमरावांना त्याचं काही नवल वाटलं नाही. बोटं ऐकूनच त्यांनी ते ताडलं होतं.

कारण ते स्वतः बेंजोवाले. नोकरी कारखान्यात फिटरची, पण अंबरनाथ पूर्वेला हळद असो, वरात असो की जयंतीची मिरवणूक, त्यांच्या बेंजोशिवाय पान हलत नसे.

रेकॉर्ड होती भर कार्यक्रमात केलेली. गाणं संपतं, क्षणभर सगळं गप्प, मग मागून कुणीतरी शिट्टी मारतो आणि अख्खा हॉल टाळ्या वाजवतो. भीमराव दर रविवारी मन लावून गिटार ऐकत, पण जीव अडकलेला असे त्या टाळ्यांत. बेंजोवाल्याला टाळ्या मिळत नाहीत. लोक बेभान नाचतात, पण एका गाण्यातून दुसऱ्यात शिरायचं, थांबायचं नाही, हा धंद्याचा नियम. बेंजो थांबला म्हणजे पोलीस आले.

गाणं संपत आलं की त्यांची बायको गयाबाई भाकरी थापता थापता आतून ओरडत, "आता मारंल बघा मेला शिट्टी!" तो मारायचाच.

यंदा भीमरावांची बोटं आखडायला लागली. ही जयंती शेवटची, असं त्यांनी ठरवलं आणि ढोलवाल्या सुदामला सांगितलं, "गिटारवाल्याचं गाणं घेऊ. आणि संपवू."

"संपवू म्हंजे?"

"थांबायचं. एकदा तरी टाळ्या घेऊ रे."

"काका, चालू मिरवणुकीत थांबलो तर पब्लिक मारेल."

"टाळ्या झाल्यावर मारू दे."

मिरवणूक चौकात आली. भीमरावांनी गाणं असं वाजवलं की निळे फेटे नुसते उसळत होते. शेवटचा सूर लावून त्यांनी हात उचलला. सुदामनेही, जिवावर उदार होऊन, ढोल थांबवला.

सगळे जागच्या जागी थबकले. सगळ्यांनी वळून पोलीस शोधले. पोलीस शेजारीच उभे होते. कोण आलंय ते त्यांनाही कळेना. "काय झालं, तार तुटली का?" कुणीतरी विचारलं. भीमराव मान खाली घालून बेंजोकडे बघत राहिले. आपण म्हातारपणी उगाच हसं करून घेतलं, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात मागे, बायकांच्या घोळक्यातून, कानठळ्या बसवणारी शिट्टी आली.

भीमरावांनी वर पाहिलं. जयंतीच्या पांढऱ्या साडीतल्या गयाबाई तोंडातून दोन बोटं काढत होत्या. मग त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि आजूबाजूच्या बायकांकडे असं बघितलं की त्यांनीही वाजवल्या. बघता बघता सगळा चौक वाजवू लागला. भीमरावांना रडू आवरेना. शेवटी सुदामनेच वैतागून ढोल सुरू केला.

पुढच्या रविवारी रेकॉर्ड लागली. गाणं संपलं. मागून शिट्टी आली.

"माझी मोठी होती," आतून गयाबाई म्हणाल्या.

"होती," भीमराव म्हणाले आणि त्यांनी सुई उचलून ठेवली.