फिल्मवरची टिकली

माझ्या नवऱ्याचा आजार सगळ्यांत आधी मला कळला, अंधेरीच्या एका हॉस्पिटलच्या डार्करूममध्ये. मी तिथे एक्स-रे टेक्निशियन होते. फिक्सरच्या द्रावणातून काढलेली फिल्म लाल दिव्यापुढे धरली आणि उजव्या फुफ्फुसात शॅडो दिसली. फुफ्फुसातली हवा फिल्मवर काळी दिसते; त्या काळ्यात आलेला पांढरा डाग म्हणजे शॅडो.

ऐंशीचं दशक होतं ते. तेव्हाची मी म्हणजे विचारू नका. कोटाची कॉलर ताठ आणि तोरा सिव्हिल सर्जनचा! ‘माझी फिल्म कधी खराब येत नाही,’ असं कँटीनभर सांगत फिरायची. आता कवळी ग्लासात ठेवून त्या पोरीला हसते. त्या दिवशी मात्र म्हटलं, बोटाचा डाग असेल. मग म्हटलं, फिल्म ठेवायची कॅसेटच खराब असेल. नवऱ्याच्या छातीपेक्षा खोट माझ्या कामात निघू दे, म्हणून पुन्हा फोटो काढला. मग तिसऱ्यांदा.

“काय गो, पासपोर्टाक लावचे आसत काय इतके फोटो?” हे हनुवटी वर करून उभे. मालवणचा माणूस, मस्करी केल्याशिवाय श्वास रोखायचा नाही. खोकला महिनाभर होता, पण कारखान्यातली एक पाळी बुडवली नव्हती.

तिन्ही फिल्मांवर डाग तिथेच.

“काय दिसला?”

“डॉक्टर सांगतील,” मी म्हटलं. दिवसभर सगळ्यांना हेच सांगायचे.

नियमच होता. फिल्म आम्ही काढायची. वाचायची रेडिओलॉजिस्टने, म्हणजे एक्स-रेचा रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरने. आमचे सर फक्त शुक्रवारी यायचे आणि तो सोमवार होता. ड्युटीवरच्या डॉक्टरांकडे गेले, तर म्हणाले, “बाई, रिपोर्टिंग तुमचं काम नाही. सर बघतील.” पण गठ्ठा मोठा असायचा. उरलेल्या फिल्मा पुढच्या शुक्रवारवर जायच्या.

शुक्रवारी मी कपाळावरची टिकली काढली आणि ह्यांच्या फिल्मच्या कोपऱ्यात चिकटवली.

“हे काय?” सरांनी विचारलं.

“टिकली, सर. ही आधी बघा म्हणून.”

त्यांनी फिल्म दिव्यावर लावली. बराच वेळ पाहिली. “कोण हे?”

“आमचे हे.”

सरांनी चष्मा काढला. “बहुतेक कॅन्सर आहे, बाई. तपासण्या कराव्या लागतील. मी बोलतो त्यांच्याशी.”

“नको, सर. मी सांगते.”

वाकोल्याला घरी आले, तर हे मोरीत बसून बांगडे साफ करत होते. मी सांगितलं. ह्यांनी हात धुतले.

“माका सोमवारीच कळला. तिसऱ्यांदा श्वास रोखूक सांगितलंस तेव्हा.”

“मग बोलला का नाहीत?”

“तूच सांगतंस ना, टेक्निशियनान बोलूचा नसता. माझ्यापायी तुझी नोकरी गेली तर?”

पुढे ब्रॉन्कोस्कोपी झाली, म्हणजे नळी घालून फुफ्फुस आतून पाहतात ती तपासणी. मग रेडिएशन, म्हणजे विजेचे शेक. गणपतीला गावी जायचं ठरलं होतं. त्याआधीच हे गेले.

कामावर परतले तेव्हा सर म्हणाले, “ज्या फिल्मवर शंका येईल तिला टिकली लावत जा. दोन ओळी लिहा, मला लगेच फोन करा. चुकलात तर मी सांगेन.” माझ्यावर विश्वास ठेवणारे ते पहिले डॉक्टर. त्यांचे उपकार मी विसरले नाही.

खारदांड्याच्या एका कोळणीचा डाग असा वेळेत सापडला. बरी होऊन ती पापलेट घेऊन आली. ते तळताना मी स्टोव्हपुढे रडले. तिच्यावर चिडले, की तिचा सापडला.

तुम्हाला कुणी पुन्हा फोटो काढू म्हटलं, तर घाबरू नका. बहुतेक वेळा तुम्हीच हललेले असता. पण रिपोर्ट कोण वाचणार आणि कधी, हे विचारा. लाजू नका.

टिकल्या मीच विकत आणायचे. पहिल्यांदा गेले, तेव्हा दुकानातली वहिनी माझ्या उघड्या कपाळाकडे बघत राहिली.

“कुणासाठी गं?”

“पेशंटसाठी.”

तिने पाकिटं काढली. “कुठली देऊ?”

“लाल दे. आणि मोठी. लांबून दिसायला हवी.”