मोठ्या चाकांची बाबागाडी

लेक आठ महिन्यांची झाली, तेव्हा आम्ही बाबागाडी घ्यायला गेलो. आम्हा दोघांचं दर रविवारचं टेकडीवर जाणं बाळंतपणापासून सुटलं होतं.

विक्रेत्याने एक गुलाबी गाडी गुळगुळीत फरशीवरून एका बोटाने ढकलून दाखवली.

मी म्हटलं, "मोठ्या चाकांची दाखवा, दगडधोंड्यांतून चालेल अशी."

"एवढ्याशा बाळाला घेऊन टेकडीवर कशाला जाता, मॅडम? मॉलमध्ये फिरवा की."

तिसऱ्या दुकानातही हेच ऐकलं. आई झालेल्या बाईने कुठवर जायचं, हे माझ्याआधी सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं.

नवरा म्हणाला, "अजून एक दुकान बघू."

"नको," म्हणत मी लेकीला ओढणीने छातीशी घट्ट बांधलं आणि टेकडीची वाट धरली. अर्ध्यावरच खांदे भरून आले. रागाने चालतच राहिले.