डावीकडे न वळणारं विमान

साडू हे नातं मोठं गमतीचं. तो भाऊ नसतो, मित्रही नसतो, पण एकाच सासऱ्यापुढे दोघांनी सारखीच मान डोलावलेली असते. माझे साडू लिफ्ट दुरुस्त करतात आणि घरात सगळे त्यांना खटकेबुवा म्हणतात. लग्नाचं बोलायला ते पहिल्यांदा सासऱ्यांच्या दारात आले तेव्हा बेल वाजेना. दुसरा कोणी असता तर त्याने कडी वाजवली असती. यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. आतली मंडळी वाट पाहून जांभया देऊ लागली, तोच घर हादरवणारी बेल वाजली आणि दारात विजयी मुद्रेने भावी जावई उभे!

"बंद पडलेली वस्तू दिसली की मला घास गिळवत नाही," ते म्हणाले.

"आणि ती चालू झाली की मला झोप लागत नाही," सासरे म्हणाले. दुपारच्या झोपेसाठी ती बेल त्यांनीच वायर काढून बंद ठेवली होती. लग्न झालं ते केवळ मुलगी ठाम होती म्हणून.

सासऱ्यांचं एके काळी व्हिडिओ गेमचं दुकान होतं. अरुंद गाळा, भिंतीला पाठ लावून उभी असलेली मशीनं, नाणं टाका आणि खेळा. दोन्ही मुली त्या खडखडाटातच वाढल्या. थोरलीला, म्हणजे माझ्या बायकोला, त्या आवाजाने डोकेदुखी लागली. धाकटीला चटक लागली. कोपऱ्यात विमानाचं मशीन होतं. वरून दगड कोसळायचे, खालून विमान वाचवत न्यायचं. त्या मशीनवर धाकटीला कोणी हरवू शकलं नाही. मिसरूड फुटलेले भलेभले तिच्यापुढे हात टेकून, पाणी पिऊन घरी जात. पुढे दुकान बंद झालं, मशीनं भंगारात गेली. धाकटीचं साम्राज्य बुडालं आणि ती गणिताच्या शिकवण्या घेऊ लागली.

खटकेबुवांनी मनावर घेतलं की ते मशीन आपण घरीच बनवायचं.

मागच्या खोलीचा कारखाना झाला. जुन्या कपाटाची फळकुटं कापून खोकं झालं. त्यात कोणीतरी टाकून दिलेला फुगीर काचेचा टीव्ही बसला. तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर आला आणि त्याला शिकवण्यासाठी खटकेबुवा स्वतः प्रोग्रॅम लिहायला शिकले. बटणं मात्र लिफ्टची होती. गोळी झाडायला 'वर', खेळ सुरू करायला 'तळमजला'. दगड फुटल्याचा आवाज हवा होता, म्हणून त्यांनी फरशीवर डब्याची झाकणं आपटून तो ध्वनिमुद्रित केला. खालच्या मजल्यावरची बाई चौकशीला वर आली, तर हे तिला म्हणाले, "जरा थांबा हां, अजून दोन मोठे दगड राहिलेत."

मूळ मशीनचा फोटो कोणाकडेच नव्हता. सगळं आठवणीवर. विमानाचं शेपूट पिवळं होतं की केशरी, यावरून दोघी बहिणींनी एकमेकींचे फोन घेणं बंद केलं. शेवटी खटकेबुवांनी दोघींना शेजारी शेजारी बसवलं आणि तो रंग दोन्हींच्या मधला करून टाकला. दोघीही म्हणाल्या, "बघ, मी म्हटलंच होतं."

या सगळ्यात शिकवणीची मुलं जिन्यात बसून अपूर्णांक सोडवत होती, कारण खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एक दिवस धाकटीने निकाल दिला.

"अहो, येत्या रविवारी मी एक डाव खेळणार. हेच ते मशीन, असं मला वाटलं, तर खोली तुमची. नाही वाटलं, तर भंगारवाल्याला चारला बोलावलंय. सगळं जाईल. टीव्ही, फळ्या, झाकणं, सगळं."

"झाकणं तुझीच आहेत," खटकेबुवा हळूच म्हणाले.

"चेपलेली माझी नाहीत."

रविवारी आम्ही जेवायलाच तिकडे गेलो. सासरेही आले. जेवणात खटकेबुवांचं लक्ष नव्हतं. ते मधेच उठून जात, विमान वळवायचा दांडा हलवून पाहत आणि परत येऊन हात धूत. त्या दांड्यावर त्यांचा फार जीव. लिफ्टच्या दाराला घालतात तसलं वंगण घालून त्यांनी तो असा केला होता की नुसत्या फुंकरीने हलावा.

धाकटी मशीनपुढे उभी राहिली, पदर खोचला, 'तळमजला' दाबला. पहिला दगड आला. तिने दांडा डावीकडे दाबला. विमान सटकन भिंतीवर जाऊन आपटलं. दुसरं विमान, तीच गत. तिसरंही गेलं. खेळ खलास.

"चँपियन!" माझी बायको म्हणाली. या एका क्षणासाठी ती लहानपणापासून थांबली असावी.

"हे ते नाहीच," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "ते मशीन माझं ऐकायचं."

खटकेबुवांनी खाली बसून मागची फळी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मोडलेलं काहीच सापडेना. मोडलेलं सापडलं नाही की हा माणूस पोरका होतो.

"जावईबापू," सासरे खुर्चीतून म्हणाले, "दांडा फार हलका झालाय."

"तसाच असायला हवा ना, बाबा?"

"आमचा नव्हता. त्याची स्प्रिंग तुटली होती. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. डावीकडे जायचं तर तळहाताने रेटावं लागे, आणि सोडला की झटकन मागे."

"मग दुरुस्त का नाही केलात?"

"कशाला? गिऱ्हाईक लवकर हरायचं, पुढच्याचा नंबर लवकर लागायचा." सासरे दुपारच्या झोपेतल्यासारखे शांत होते. "फक्त आमच्या या बाईने त्या पट्टीशी जमवून घेतलं. माझं सगळं गणित चुकलं."

"म्हणजे खराब मशीनवरची चँपियन!" थोरली म्हणाली.

"खराब मशीनवर जिंकायची मी, ताई! तुझं तर चांगल्यावर डोकं दुखायचं!"

आता खटकेबुवांची खरी परीक्षा होती. जन्मभर त्यांनी अडकलेलं सोडवलं होतं. चालतं यंत्र हाताने बिघडवायचं म्हणजे आचाऱ्याने मुद्दाम भात करपवण्यासारखं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला आणि तसाच धरून राहिले. "दादा, तुम्ही करता का?" ते मला म्हणाले. मी बँकेत कामाला आहे. माझ्या हातून नुसतं बिघडलं असतं. इथे नेमकं बिघडवायचं होतं.

शेवटी त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, वंगण पुसलं आणि पट्टी गुंडाळली. सासरे खुर्चीतून सांगत होते, "अजून ताण. अजून. अहो, तुम्ही हिला जिंकवायला बसलात की हरवायला?" खटकेबुवांना घाम फुटला होता. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी दांडा हलवून पाहिला आणि दात दुखत असल्यासारखं तोंड केलं.

धाकटी पुन्हा उभी राहिली. 'तळमजला'. दगड आला. तिने तळहाताने दांडा रेटला आणि सोडला. विमान एक उडी घेऊन जागेवर थांबलं. दगड बाजूने गेला. पुन्हा रेटा, पुन्हा उडी. तिची कंबर खोक्याला टेकली, मान किंचित वाकडी झाली, जिभेचं टोक बाहेर आलं. दगडांचा पाऊस पडत होता, झाकणं आपटत होती आणि तिला कोणी दिसत नव्हतं. हेच ते मशीन का, हे आम्ही तिला विचारायचंसुद्धा विसरलो.

खूप वेळाने सासरे खुर्चीतूनच ओरडले, "धाकटे, पुरे! गिऱ्हाइकाला उभं राहू दे!"

"थांबा ना बाबा, हा शेवटचा!"

खटकेबुवांनी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला आणि जमिनीवरच बसून राहिले.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. भंगारवाला. मी त्याला आत घेतलं. तो मागच्या खोलीच्या दारात आला, पडद्यावरचं विमान पाहिलं, खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं आणि हळूच मला विचारलं, "यांच्यानंतर कोणाचा नंबर?"