जर्मनीच्या बाटलीतला गवती चहा

मी एकदा समोरच्या बाईच्या घरात तिच्या नकळत शिरले, तिच्या फ्रिजमधली बियर मोरीत ओतली आणि रिकाम्या बाटलीत चहा भरून ठेवला. पुण्यकर्म म्हणून. तेव्हा मी कोवळी होते, बासष्ट वर्षांची, आणि त्या वयात बाईला आपल्याला सगळं कळतं असं ठामपणे वाटतं.

समोरची म्हणजे मुलुंडला आमच्या तिसऱ्या मजल्यावर दारासमोर दार असलेली. पन्नाशीची, एकटी, मूळची वर्ध्याकडची. कसलाही वास आला की ती उजव्या हाताच्या बोटाचं पेर नाकपुडीला लावायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "थांबा, सांगते." आणि सांगायचीच. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी टर्पेंटाइन उघडलंय. लिफ्टमधून आत्ता कुणीतरी ओला कुत्रा नेला. माझं दार बंद असताना बाहेरून सांगायची, "काकू, आज हिंग दुप्पट पडलाय." मला राग यायचा. हिंगावरून मला बोलायची माझ्या सासूचीही छाती झाली नव्हती.

ती ठाण्यापलीकडच्या एका बियरच्या कारखान्यात नोकरीला होती. सकाळी पावणेआठला कंपनीची बस यायची. आत बसून ती काय करते ते मी कधी विचारलं नाही. माझी समजूत अशी की बायका तिथे लेबलं तपासत असणार.

शुक्रवारी मात्र ती चपलांत पिवळेधमक मोजे घालायची. ऑफिसचा पंजाबी ड्रेस, पर्स, डबा आणि खाली हळदीत बुडवल्यासारखे पाय. मी एकदा विचारलं तर तिने मोबाइल पुढे केला. कुठल्याशा थंड देशातलं कुणीतरी दर शुक्रवारी फोनवर चित्रकथा टाकायचं, फुकट. बंदरावरची एक खानावळ, तिथे वाढपी म्हणून काम करणारी एक बगळीण, आणि देशोदेशीचे खलाशी. बगळिणीचे पाय पिवळे, म्हणून वाचकांनी शुक्रवारी पिवळे मोजे घालायचे. असा त्यांचा नेम. माझ्या संकष्टीसारखा.

"आणि होतं काय त्या गोष्टीत?"

"भांडतात, काकू. बियरवरून."

खरंच तेवढंच व्हायचं. झेक खलाशाला ग्लासात निम्मा फेस हवा, इंग्रजाला फेस दिसला की फसवल्यासारखं वाटतं. इंग्रज म्हणतो, फार गार करू नका, चव मरते. अमेरिकन म्हणतो, चव मरावी म्हणूनच गार करतात. बेल्जियमवाला प्रत्येक बियरला तिचा ठरलेला ग्लास मागतो, नाहीतर उभा राहतो पण पीत नाही. मेक्सिकोवाला खिशात लिंबू घेऊन येतो. जर्मन सगळ्यांना नियम वाचून दाखवतो. आणि आपला खलाशी कोपऱ्यात बसून एकच प्रश्न विचारतो, "स्ट्राँग आहे का?" बगळीण एका पायावर उभी राहून सगळ्यांचं ऐकते आणि ज्याला जे हवं ते आणून देते.

"मग बरोबर कोण?" मी विचारलं.

"जीभ ज्याची त्याची, काकू. आपण फक्त नोंद करायची."

पन्नाशीची बाई चित्रं बघून हसते, म्हणजे एकटेपणा डोक्यात गेलाय, असा मी मनातल्या मनात निकाल दिला. कोवळं वय, दुसरं काय.

मग साथ आली आणि गेली. जाता जाता बहुतेक घरांना चाटून गेली, तिलाही ताप येऊन गेला. त्यानंतर तिच्यात एक गोड बदल झाला. तिने माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणं बंद केलं. शिरा दिला, "छान." आमटी दिली, "छान." एकदा घाईत लागलेली खिचडी वरची वरची काढून दिली, तरी "छान झालीय, काकू." आठ महिने. मला वाटलं, हाताला चव आली अखेर. मी भजनी मंडळात तसं सांगितलंसुद्धा.

त्याच सुमारास तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटल्या दिसायला लागल्या. लोणच्याच्या बरण्या मांडाव्यात तशा ओळीने. हिरव्या, तपकिरी, कुणाच्या गळ्याला सोनेरी कागद. विमानात काम करणारी जोगेश्वरीची एक मुलगी पंधरा दिवसांनी यायची आणि जाताना तिची पिशवी हलकी असायची. सिलिंडरवाल्यासाठी समोरची किल्ली माझ्याकडे असे, त्यामुळे मला आतलंही दिसे. रोज सकाळी सात वाजता, चहाच्याही आधी, ही बाई डोळे मिटून बाटली तोंडाशी धरून उभी. तोंडाशी असं मला दाराच्या फटीतून दिसलं. साबणाच्या कारखान्यातला माणूस घरी साबण आणतो, ते मी समजू शकते. पण तो सकाळी उठून साबण चाटत नाही.

भजनी मंडळातल्या एकीने सल्ला दिला, "अशा माणसाचं एकदम तोडायचं नसतं गं. हळूहळू पातळ करायचं." तिचा दीर त्यातूनच गेलेला, म्हणजे ती तज्ज्ञ.

गुरुवारी दुपारी मी किल्ली आणि नरसाळं घेऊन समोर गेले. फ्रिजच्या दारात एक मोठी जर्मन बाटली होती, अर्धी संपलेली, वर रबरी बूच. ओतून दिली. बिनदुधाचा चहा तिच्या रंगाला बरोबर जुळत होता. गवती चहा घातला, कारण तो पोटाला बरा, आणि एक वेलदोडा ठेचून टाकला, कारण सत्कर्म करायचं तर नीट करावं. साखर नाही घातली. बूच लावलं, बाटली पुसली आणि घरी येऊन देवाला नमस्कार केला. तो काय म्हणाला असेल ते आता कळतं.

शुक्रवारी तिची बस चुकली. म्हणजे बस आली होती, तीच गेली नाही. दहाच्या सुमारास माझी बेल वाजली. पिवळे मोजे नव्हते. हातात एक पाकीट होतं.

"काकू, बसू का?"

स्टुलावर बसली. पाणी दिलं ते तसंच हातात.

"मी नोकरी सोडते आहे. म्हणजे चाखायची. सोमवारी परीक्षा आहे, ती देत नाही. हे पत्र लिहिलंय त्यांना, मला डिस्पॅचमध्ये घ्या, कागदी कामावर."

"कसली परीक्षा?"

तेव्हा मला सगळं कळलं. ही बाई सव्वीस वर्षं बियरचा वास घ्यायचा पगार घेत होती. माल बाहेर पडायच्या आधी बरोबर आहे की नाही हे ती सांगायची. साथीत ताप आला आणि नाक गेलं. धुपाचा वास नाही, गॅसचा नाही, स्वतःच्या घामाचा नाही. ऑफिसने काही महिने थांबायचं कबूल केलं होतं. सोमवारी शेवटची संधी. लाल दिव्याच्या खोलीत, रंग दिसू नये म्हणून लाल, तीन ग्लास ठेवायचे. दोन एकच, एक वेगळा. वेगळा कुठला ते सांगायचं. अशा बारा फेऱ्या.

"आणि त्या बाटल्या?"

"सराव, काकू. डॉक्टरनी सांगितलं, रोज तेच तेच वास हुंगा, आठवत हुंगा. पण आठवेना. मग एका शुक्रवारी बगळिणीच्या गोष्टीखाली लिहिलं, माझं नाक गेलंय, तुमची बियर कशी लागते ते सांगाल का?"

तिने पर्समधून वही काढली. आपल्या मराठीत, वळणदार अक्षरात, पानंच्या पानं. झेक गृहस्थाने लिहिलं होतं, आजोबांच्या तळघरात ठेवलेला ओला पाव. इंग्रज बाईने, पावसात भिजलेला लोकरी कोट आणि बिस्किटाचा रिकामा डबा. फिनलंडच्या कुणीतरी, अंघोळीच्या खोलीतलं गरम लाकूड. जपान्याने लिहिलं होतं, काहीच वास येता कामा नये, तीच तर मेहनत आहे. जर्मनाने, लवंग आणि जास्त पिकलेलं केळं, बाकी काही आलं तर बाटली परत करा. अंधेरीच्या एकाने, शेजारच्या टेबलावरची चकली. ती विमानातली मुलगीही बगळिणीच्याच वाचकांतली, घाटकोपरला मेट्रोच्या रांगेत पिवळ्या मोज्यांवरून ओळख पटलेली. लोकांनी वास लिहून पाठवले, तिने बाटल्या आणून दिल्या.

मी वही चाळत होते आणि मला राग येत होता. जगभरातल्या अनोळखी लोकांना हिचं दुखणं माहीत, आणि दारासमोरच्या मला नाही.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तुम्ही रोज डबा द्यायच्या, काकू. चव लागत नाही असं तुम्हाला कसं सांगू?"

माझा आठ महिन्यांचा स्वयंपाक एका वाक्यात गेला. पण तिचं लक्ष नव्हतं.

"थोडंथोडं येत होतं. मागच्या आठवड्यात लवंग आली. मला वाटलं, जमतंय. आणि आज सकाळी बूच काढलं, डोळे मिटले आणि जर्मनीच्या बाटलीत गवती चहाचा वास आला." तिने वही मिटली. "डॉक्टर म्हणाले होते, काहींना उलटेसुलटे वास यायला लागतात. फुलाला रबराचा, पाण्याला जळक्याचा. तसं झालं तर मग संपलं. मले काही समजून नाही राहिलं, काकू. सव्वीस वर्षं मी दुसरं काही शिकलेच नाही."

तिच्या तोंडी वर्धा आली म्हणजे ती खरंच मोडली होती, एवढं मला माहीत होतं.

आता खरं सांगते. क्षणभर मला गप्प बसावंसं वाटलं. ती कागद देईल, डिस्पॅचमध्ये जाईल, पगार चालू राहील, बाटल्या बंद होतील, आणि माझं नरसाळं कुणाला कळणार नाही. इतकी मी भली बाई. पण ती पाकीट घेऊन उठली आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "बस खाली. चहाच होता तो."

"काय?"

"बाटलीत. मी भरला. काल दुपारी."

ती बसली. मग बोलली ती अगदी ऑफिसातल्यासारखी.

"साखर?"

"नाही घातली."

"आलं?"

"नाही."

"वेलदोडा?"

"एक."

तिने वही उघडून पान माझ्यापुढे धरलं. त्या दिवसाच्या नोंदीत 'गवती चहा' लिहिलं होतं, आणि पुढचा एक शब्द खोडला होता. खोडलेल्यातूनही वेलदोडा वाचता येत होता.

"मला आला होता," ती म्हणाली. "म्हटलं वेड वाढतंय, म्हणून खोडला."

मग तिने विचारलं, चहा का भरला. मी सांगितलं. पातळ करण्यापासून दिरापर्यंत सगळं. तेव्हा ती चिडली. ओरडली नाही, पण मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"काकू, मी पंचशील घेतलेली बाई आहे. पाचवं शील म्हणजे दारू वर्ज्य, माहीत आहे ना? बाकीचे चाखून गिळतात, मी सव्वीस वर्षं थुंकते. या नोकरीला लागले तेव्हा आई म्हणाली, घोट घशाखाली उतरला नाही तर नोकरीही राहील आणि शीलही. एक थेंब उतरू दिला नाही मी. आणि तुम्ही मला दारुडी केलंत, तेही भजनी मंडळात."

"मंडळात नाव नाही सांगितलं गं."

"तिसरा मजला सांगितला असेल."

सांगितला होता. ती उठून गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं, ते जास्त लागलं. मी ओट्याशी उभी राहून स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या नातवंडांसमोर लिहिता येणार नाहीत.

पंधरा मिनिटांनी पुन्हा बेल. ती तीन फुलपात्रं आणि दोन बाटल्या घेऊन उभी. पायात पिवळे मोजे.

"सोमवारपर्यंत तीन दिवस आहेत. मी पाठ फिरवते. दोनांत हे, एकात ते. आणि काकू, चेहरा सरळ ठेवा, तुमच्या चेहऱ्यावरून सगळं कळतं."

"पाठ फिरवल्यावर कसं कळेल?"

"श्वासावरून."

ते तीन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. देवघरापासून चार हातांवर मी बियर ओतत होते, मोजून, जपून, आणि ती पेर नाकपुडीला लावून उभी. ती हुंगायची, तोंडात घ्यायची, बादलीत थुंकायची. बरेचदा बरोबर. चुकली की मी "परत" म्हणायचे, शाळेतल्या बाईंसारखी. शनिवारी भजनाला गेले तर शेजारी बसलेल्या बाईने माझा हात हुंगला आणि सरकून बसली. आता मंडळात कुणाचं नाव झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. मी खुलासा केला नाही. म्हटलं, थोडी शिक्षा असू दे.

रविवारी संध्याकाळी ती सलग चार वेळा चुकली. फुलपात्रं धुतली आणि म्हणाली, "पुरे. नाक थकलंय." तिने पाकीट फाडलं नव्हतं, सोमवारी पर्समध्ये ठेवूनच ती बसमध्ये चढली. मी खिडकीतून बघितलं. परीक्षा अकराला होती. मी पोळ्या लाटल्या, दोनदा मीठ विसरले, फोन ओट्यावर डाव्या हाताशी ठेवला.

आता समोर एक नवं जोडपं राहतं, सज्जन आहेत, कशालाच वास येत नाही म्हणतात. ती दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या नव्या कारखान्यात गेली, तिथे नव्या मुलींना चाखायला शिकवते. शुक्रवारी बगळिणीचा नवा भाग आला की मला पाठवते, आणि मी चष्मा लावून भांडणं वाचते. इंग्रज बरोबर आहे असं माझं मत झालंय, चव न घेता.

पण त्या सोमवारी पावणेएकला फोन वाजला, आणि मी हॅलो म्हणायच्या आत ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, बारापैकी अकरा. आता काही बोलू नका, साहेब समोर उभे आहेत आणि मला त्यांच्यासमोर रडायचं नाहीये."